घड्याळ काढलं, मग मोजायचं कोणाला?

ठोके मोजणाऱ्या मनगटावरच्या पट्ट्याबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. चार्जिंगला काढून ठेवला की दोन दिवस तो तिथेच पडून राहतो, घामाने खाज सुटते, सत्तरीतल्या माणसाला त्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. म्हणून ‘अंगावर काहीच न घालता’ तब्येतीवर लक्ष ठेवणारं काहीतरी करू या, असं तब्येतीची उपकरणं बनवणाऱ्या टीमला कधी ना कधी वाटतंच. मग पाच दिवसांची स्प्रिंट, म्हणजे कल्पनेपासून नमुन्याच्या चाचणीपर्यंत नेणारी कामाची धाव, ठरते आणि सोमवारी सकाळी फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला जातो: हृदयाचे ठोके कसे मोजायचे?

हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. पट्टा ठोके मोजतो हे सगळ्यांना दिसतं, पण ते ठोके कोणाचे हेही तो आपोआप सांगत असतो, इकडे कोणाचं लक्ष जात नाही. पट्टा काढला की मोजमाप माणसाचं राहत नाही, जागेचं होतं. पलंगाचं, खोलीचं, दाराचं. त्या पलंगावर आज आजी आहेत, सुट्टीला आलेली नात आहे, दोघी आहेत, की नुसता पंखा फिरतोय, हे आता वेगळं ठरवावं लागतं. पुढे जे काही बिघडतं, त्यातल्या बहुतेकाचं मूळ इथे सापडतं.

उदाहरण ठरवून घेऊ, नाहीतर चर्चा हवेत राहते. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आई, मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला. रोज फोन होतो, ‘बरी आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्या उत्तरापलीकडचं थोडं काही, आईंना जाच न होता, मुलाला कळावं. एवढंच काम.

याच कामासाठी जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये ‘आय-पॉट’ नावाची गरम पाण्याची इलेक्ट्रिक किटली आणली. म्हाताऱ्या माणसाने चहासाठी पाणी घेतलं की नोंद व्हायची आणि लांबच्या मुलांना दिवसातून दोनदा ईमेल जायचा. शरीरातलं काहीही मोजलेलं नाही, तरी ‘आज सगळं नेहमीसारखं आहे’ हे कळायचं. स्प्रिंटमधल्या प्रत्येकाने हे उदाहरण आधी नीट समजून घ्यावं, कारण सेन्सर निवडण्याआधी रोजची सवय निवडायची असते, हे त्यात स्वच्छ दिसतं. मात्र ते जसंच्या तसं उचलता येत नाही. आपल्याकडे चहा गॅसवर होतो, त्यामुळे विजेच्या वापराची नोंद करणारा स्मार्ट प्लग तिथे निरुपयोगी. सकाळी दुधाची पिशवी आत घेताना दार उघडतं, तिथे दार उघडल्याचं कळवणारा चुंबकाचा रीड स्विच स्वस्तात लागतो. पण दार कामाच्या मावशीही उघडतात, शेजारच्या काकूही. पुन्हा तोच प्रश्न: दार कोणी उघडलं? म्हणून दार ही जोडीची खूण ठेवावी. मुख्य खूण पलंग. एकट्या माणसाच्या घरात पलंग हीच सर्वांत खासगी आणि म्हणूनच सर्वांत खात्रीची जागा.

पलंगावरच्या माणसाचं मोजायचे तीन रस्ते आहेत. कॅमेऱ्याने चेहऱ्याच्या रंगातले सूक्ष्म चढउतार पकडून नाडी काढता येते, चित्रातल्या हिरव्या रंगाच्या चॅनेलमध्ये ते सर्वांत ठळक दिसतात. पण त्याला उजेड लागतो, सावळ्या त्वचेवर सिग्नल क्षीण होतो आणि झोपायच्या खोलीत कॅमेरा कोणी लावू देत नाही. लावू द्यावाही का? हा रस्ता सोमवारी दुपारपर्यंत बंद करावा.

दुसरा रस्ता रडारचा, म्हणजे रेडिओ लहर सोडून परत आलेल्या लहरीवरून हालचाल ओळखण्याचा, आणि टीममधल्या तरुण इंजिनिअरांचा तो हमखास लाडका. ६० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मिलिमीटर. हृदयाच्या ठोक्याने छाती ०.२ मिलिमीटर हलली तर परत येणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या चक्रातली जागा, सुमारे २९ अंशांनी बदलते, २४ गिगाहर्ट्झला तेच ११-१२ अंश. म्हणजे तत्त्व पक्कं आहे. गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या नेस्ट हबमध्ये २०२१ साली झोपेच्या नोंदीसाठी असंच ६० गिगाहर्ट्झचं रडार होतं. अडचण खोलीत गेल्यावर सुरू होते. श्वास मिनिटाला १५ असेल तर त्याच्या पटी ३०, ४५, ६०, ७५ वर उमटतात. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, ठोक्याने त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकी. त्यामुळे श्वासाची चौथी-पाचवी पटसुद्धा नाडीचं सोंग घेऊ शकते, आणि पडद्यावर ‘६०’ हा आकडा इतका शहाणा दिसतो की कोणी शंका घेत नाही.

त्याहून खोडकर आपला छताचा पंखा. १२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला ३८० फेरे घेतोय असं धरा. तीन पाती, म्हणजे एखाद्या ठरावीक जागेवरून सेकंदाला १९ वेळा पातं जातं. रडार सेकंदाला २० फ्रेम, म्हणजे २० वेळा नोंद, घेत असेल तर या दोन्हींतला फरक, म्हणजे सेकंदाला १, हीच गती आकड्यांत उतरते. मिनिटाला ६०. रिकाम्या पलंगाला निरोगी नाडी! उपाय सोपे आहेत: फ्रेम ५० च्या वर न्यायच्या, रडार अंतरानुसार जे कप्पे पाडतं त्यांतून फक्त पलंगाचा कप्पा घ्यायचा, रडार बाजूच्या भिंतीवर लावायचं आणि पंख्याच्या प्रत्येक वेगावर रिकाम्या पलंगाची चाचणी घ्यायची. मच्छरदाणी असेल तर तीही लावून. ही चाचणी चुकवून केलेला कुठलाही डेमो बघू नये. शिवाय परवानगीचा भाग आहेच. २०१९ साली गूगलचा पिक्सेल ४ हा फोन भारतात आलाच नाही, कारण त्यातल्या रडारच्या ६० गिगाहर्ट्झच्या लहरी इथे वापरायला खुल्या नव्हत्या. रेडिओ असलेलं काहीही विकायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (रेडिओ लहरींच्या परवान्यांच्या) शाखेचे आजचे नियम रडारचं मॉड्यूल विकत घेण्याआधी पाहावेत.

तिसरा रस्ता गादीखालचा, आणि पाच दिवसांत हाताशी येणारा हाच. हृदय रक्त फेकतं तेव्हा अख्खं शरीर उलट दिशेला किंचित हलतं. फिलाडेल्फियाचे डॉक्टर आयझॅक स्टार यांनी १९३०च्या दशकात टांगत्या टेबलावर माणूस झोपवून हे धक्के कागदावर उतरवले. आज बंगळुरूच्या डोझी कंपनीची गादीखालची शीट हॉस्पिटलांत याच तत्त्वावर चालते. पलंगाच्या पायांखाली वजनाचे लोड सेल ठेवायची कल्पनाही कोणीतरी मांडेल. ५० किलोचे चार सेल, ते वाचणारा एचएक्स७११ बोर्ड, झालं. पण आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पलंग म्हणजे बॉक्स बेड: पाय नाहीत, खाली गोधड्या, बॅगा, दिवाळीचे दिवे. तो उचलायला चार माणसं लागतात. तेव्हा पायझोच: दाब बदलला की किंचित वीज देणाऱ्या चकत्या, एका पट्टीवर लावून गादीखाली सरकवायच्या.

पट्टीचं सामान पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. २७ मिलिमीटरच्या चार पितळी पायझो चकत्या, वायफाय असलेला छोटा ईएसपी३२ बोर्ड, एडीएस१११५ हा १६ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप), एमसीपी६००२ ऑप-अँप (सिग्नल सांभाळून पुढे देणारी चिप), २२ मेगाओमचे दोन रेझिस्टर, बीएव्ही१९९ डायोड, एसडी कार्डाचं मॉड्यूल, डीएस३२३१ घड्याळ, शील्ड असलेली ऑडिओ केबल. चकत्या ६० सेंटिमीटरच्या पट्टीवर दर १५ सेंटिमीटरला एक, चारही समांतर जोडलेल्या. एकीची जरी बाजू उलटी लागली तरी ती शेजारणीचा सिग्नल खाऊन टाकते, म्हणून प्रत्येक चकतीवर बोट दाबून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सगळ्यांचा पहिला झोका एकाच बाजूला जातो ना, हे पाहावं. चकतीच्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंगची बंदूक सेकंदभरच टेकवायची. जास्त टेकली की चांदीचा थर उडतो आणि वर टाका बसतच नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक रेझिस्टरची. एका चकतीची कॅपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड. तिच्यावर सवयीने १ मेगाओम लावला तर ८ हर्ट्झच्या खालचं सगळं गळू लागतं. श्वास ०.२ ते ०.३ हर्ट्झला, ठोके १ च्या आसपास, म्हणजे हवं तेच नेमकं जातं आणि पडद्यावर राहतो फक्त कूस बदलल्याचा धक्का. चार चकत्या समांतर म्हणजे ८० नॅनोफॅरड, त्यावर २२ मेगाओमचे दोन रेझिस्टर अशा रीतीने की मिळून ११ मेगाओम आणि मध्यबिंदू १.६५ व्होल्ट: सीमा ०.१८ हर्ट्झवर येते आणि मिनिटाला १२ श्वाससुद्धा दिसतात. इतक्या मोठ्या रेझिस्टरमुळे पुढचा ऑप-अँप एमसीपी६००२ सारखा सीमॉस, म्हणजे स्वतः जवळपास वीज न ओढणाऱ्या जातीचाच हवा. कोणी पलंगावर धप्पकन बसलं की चकती दहा-वीस व्होल्टही फेकते, म्हणून संरक्षणाला डायोड. तो साधा शॉट्की जातीचा घेतला तर त्याची गळती ११ मेगाओमवर मध्यबिंदूच हलवून टाकते. बीएव्ही१९९ची गळती नगण्य, यादीत ते नाव त्यासाठीच आहे.

ईएसपी३२चा आतला एडीसी इथे वापरू नये. तो वाकडा मोजतो, आणि त्याचा दुसरा संच (एडीसी२) वायफाय सुरू असताना चालतच नाही. एडीएस१११५ सेकंदाला २५० नमुन्यांवर लावावा. सेकंदाला १००च नमुने घेतले तर ५० हर्ट्झची विजेची गुणगुण नेमकी काठावर येऊन बसते आणि गाळता येत नाही. २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, आठ तास: रात्रीचे साधारण १४.४ एमबी. ते एसडी कार्डावर लिहावेत, वायफायच्या भरवशावर राहू नये, कारण कित्येक घरांत झोपताना राउटर बंद करतात. फोनच्या चार्जरवर चालवलं की गुणगुण वाढते, म्हणून पॉवर बँक. पण बऱ्याच पॉवर बँका विजेचा ओढा फार कमी झाला की ‘फोन भरला’ असं समजून स्वतःच बंद पडतात. बोर्डाला झोपवून बॅटरी वाचवायची हुशारी केली की पहाटेची फाइल कोरी. बोर्ड जागाच ठेवावा.

पट्टी दोन ३ मिलिमीटरच्या ईव्हीए फोममध्ये, खाली कडक प्लास्टिक. नुसती फळीवर ठेवलेली चकती पहिल्या आठवड्यात तडकते. जागा छातीखाली, उशीच्या कडेपासून वीत-दीड वीत खाली. काथ्याच्या गादीतून सिग्नल उत्तम येतो, जाड फोममधून दबतो, कापसाच्या गादीत गाठी झाल्या असतील तर दोन बोटं सरकवल्यावरही चित्र बदलतं. पायझोला स्थिर वजन कळत नाही, हे मात्र टीममधल्या प्रत्येकाच्या डोक्यात ठसलं पाहिजे. गाढ निजलेला माणूस आणि रिकामा पलंग यांतला फरक फक्त श्वासाच्या लाटेवरून करायचा आहे. म्हणून नियम असा: सलग तीन मिनिटं श्वासाची लाट नाही, तर ‘पलंगावर कोणी नाही किंवा माहिती नाही’. या दोन शक्यता वेगळ्या करता येत नसतील तर त्या वेगळ्या आहेत असं दाखवू नये.

हे सगळं स्प्रिंटच्या आधी व्हायला हवं. ही पाच दिवसांची पद्धत डिझायनर जेक नॅप यांनी २०१० साली गूगलमध्ये सुरू केली: सोमवारी नकाशा, मंगळवारी रेखाटनं, बुधवारी निर्णय, गुरुवारी नमुना, शुक्रवारी पाच माणसांसमोर चाचणी. अॅपसाठी ती छान बसते. इथे एक गोची आहे. अशा वस्तूचा उपयोग आठवड्यांनी कळतो आणि शुक्रवारी प्रत्येकाला मिळतो एक तास. बनावट आकडे दाखवले तर लोक बनावट मतं देतात. म्हणून सोमवारच्या आधीच्या आठवड्यात पाच घरांत पट्ट्या टाकून ठेवाव्यात आणि शुक्रवारी प्रत्येकाला त्याचाच आठवडा दाखवावा. खरेपणा तपासायला एक रात्र छातीच्या पट्ट्याचा आधार घ्यावाच लागतो. अंगावर न घालायच्या वस्तूची परीक्षा अंगावरच्या वस्तूनेच होते, त्याला इलाज नाही. श्वासासाठी पूर्ण एक मिनिट डोळ्यांनी मोजणं पुरतं. दोन मोजमापांचा सहसंबंध काढून खूश होऊ नये. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखवलेल्या रीतीने फरकांचा आलेख काढावा, मग मोठ्या चुका कुठल्या टोकाला होतात ते दिसतं. ठोक्यांच्या बाबतीत ती चूक बहुधा निम्मे किंवा दुप्पट मोजण्याची असते.

टीम सहा-सात जणांची. त्यात घरी जाऊन ज्येष्ठांची शुश्रूषा करणारी एखादी नर्स हवीच. इंजिनिअर अडीच तास ज्यावर वाद घालतात, ते ती ‘रात्री बाथरूमला किती वेळा उठतात ते सांगा, बाकी राहू दे’ एवढ्यात मिटवते. आणि तिचं बरोबर असतं. रात्री उठण्याची संख्या वाढणं, झोपायची वेळ सरकणं, श्वासाचा सरासरी वेग आठवडाभर चढा राहणं, या तीन गोष्टी पट्टी बऱ्यापैकी सांगू शकते आणि डॉक्टरांना त्या विचारायच्याही असतात.

सोमवारी भिंतीवर चोवीस तासांचा तक्ता काढून प्रत्येक तासाला खोलीत कोण कोण असतं ते लिहावं. मंगळवारी अॅपचे पडदे काढण्याऐवजी प्रत्येकाने मुलाला जाणारा एकच मेसेज लिहावा, बस. बुधवार गाळण्याचा. गाढ झोप, स्वप्नांची झोप वगैरे टप्पे गाळावेत, मेंदूच्या लहरी मोजल्याशिवाय ते तपासता येत नाहीत. झोपेला शंभरपैकी दिलेले गुणही गाळावेत. ६८ गुण मिळालेली आई दिवसभर त्याच विचारात राहते आणि ६८ म्हणजे काय हे टीमलाही सांगता येत नाही. धोक्याच्या घंटेचा हिशेब फळ्यावर उघड मांडावा. समजा, रात्री उठून पडण्याचा प्रसंग दोन वर्षांतून एकदा येतो, म्हणजे ७३० रात्रींत एक. यंत्र महिन्यातून एकदा खोटी घंटा वाजवतं. एका खऱ्या घंटेमागे चोवीस खोट्या. पाचव्या-सहाव्या खोट्या घंटेनंतर मुलगा फोन म्यूट करणार, हे सांगायला संशोधन लागत नाही. म्हणून पहिल्या आवृत्तीत घंटा नको, फक्त सकाळचा निरोप.

गुरुवारी त्या निरोपावर उरलेली सगळी ताकद लावावी. पडद्यामागे एक माणूस बसून फाइली वाचतो आणि मेसेज हाताने लिहितो, सॉफ्टवेअर बांधायची गरज नाही. मजकुराचे दोन नमुने बघा. पहिला: ‘रात्री १ ते ४ हालचाल आढळली नाही.’ न्यू जर्सीत हे वाचणाऱ्या मुलाच्या पोटात गोळा येईल, आणि प्रत्यक्षात फक्त पट्टीकडून नोंद आलेली नसेल. दुसरा: ‘आई साडेदहाला झोपल्या, पावणेसहाला उठल्या. मध्ये रात्री १ ते ४ पट्टीकडून माहिती आली नाही. घराचं दार सकाळी ६:१० ला उघडलं.’ यात पट्टी आणि आई वेगळ्या आहेत, न आलेल्या माहितीचा दोष पट्टीकडे आहे, आणि शेवटच्या वाक्याने काळजी मिटते. ‘माहिती नाही’ या स्थितीचं वाक्य सर्वांत आधी आणि सर्वांत काळजीपूर्वक लिहावं. एरवी ते कोणीतरी शेवटच्या रात्री घाईत लिहितो.

आईंसाठी वेगळं अॅप नको. आपल्या घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचा खाडा, गॅसच्या सिलिंडरची तारीख, गुडघ्याच्या इंजेक्शनचा दिवस लिहायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तसाच एका आठवड्याचा कागद, मोठ्या चौकटी, १८ पॉइंटची अक्षरं, ‘०४:००’ ऐवजी ‘पहाटे ४’. आणि पट्टीच्या डब्यावर एक खरं, बोटाने दाबायचं बटण: ‘आज नको’. ते दाबलं की मुलाला फक्त ‘आज नोंद बंद ठेवली आहे’ एवढंच जातं, कारण विचारलं जात नाही. पैसे मुलगा भरतो, पलंग आईचा असतो. बटण कोणाच्या हातात, यावर बुधवारी वाद होऊ द्यावा आणि निर्णय आईंच्या बाजूने व्हावा.

शुक्रवारी पाच माणसं पुरतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं गणित इथे अर्धवट लागू पडतं. एका प्रकारच्या वापरणाऱ्यांमध्ये पाच जणांत पडद्यावरच्या बहुतेक अडचणी दिसतात. इथे प्रकार दोन आहेत, म्हणून पाच आया आणि पाच मुलं, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांसमोर नकोत. पाच पलंगांवरून मात्र पट्टीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, त्याला पुढचे महिने लागतील. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर मराठी घरातल्या आजी ‘छान आहे हो’ म्हणून चहा विचारतील. त्याऐवजी काम द्यावं: ‘मंगळवारी रात्री किती वेळा उठलात, ते या कागदावर दाखवा.’ ‘यातलं सुनेला कळलं तर चालेल असं कुठलं, आणि चालणार नाही असं कुठलं?’ दुसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसावं. नात दोन रात्री शेजारी झोपली होती आणि कागदावर ‘अस्वस्थ झोप’ लिहून आलं, अशा गोष्टी इथेच बाहेर येतात. त्यासाठी कागदावर ‘आज सोबत कोणी होतं’ असा एक चौकोन ठेवला तर अल्गोरिदमच्या महिन्याभराच्या कामाइतका फायदा होतो.

संमतीचा कागद मराठीत हवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत (मराठी त्यात आहे) वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मुलाची सही आईंच्या वतीने चालवून घेऊ नये, आणि त्या पलंगावर नेहमी झोपणाऱ्या दुसऱ्या माणसालाही विचारावं. कुठल्याही मजकुरात आजाराचं नाव नको. ‘श्वासाचा वेग आठवडाभर नेहमीपेक्षा जास्त आहे’ इथे थांबावं. निदानाचा दावा केला की वस्तू वैद्यकीय उपकरणांच्या २०१७च्या नियमांखाली जाते, आणि तो रस्ता पाच दिवसांच्या स्प्रिंटचा नाही.

शनिवारी पट्ट्या परत आणाव्यात. कोणाच्या घरून आली ते डब्यावर लिहून चकत्या पुन्हा बोटाने तपासाव्यात: तडकलेली चकती बहुतेक वेळा कडेची असते, कारण माणूस उठताना पलंगाच्या काठावर बसतो. एसडी कार्डं ज्यांची त्यांच्यासमोर रिकामी करावीत, आणि पुढच्या पट्टीत कडेची चकती दहा सेंटिमीटर आत घ्यावी.